दुसरा कौल

आमच्या बाबांना गोष्ट एकच यायची, तांडेलाची. बाकीच्यांचे वडील रामायण सांगायचे, सिनेमाच्या स्टोऱ्या सांगायचे. आमच्याकडे माल एकच, आणि तो त्यांनी माझ्या शाळेची सगळी वर्षं पुरवला. तरी आम्ही कधी कंटाळलो नाही. रविवारी उन्हं कलली की चाळीतली पोरं आपणहून कातळावर जाऊन बसायची आणि बाबा चहा पिऊन बाहेर कधी येतात याची वाट बघायची.

भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती. चाळ संपते तिथे एक कातळ पुढे आलेला होता. त्यावर बसलं की खाली कारखान्यांची धुरांडी, मग रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे पांढरी मिठागरं आणि शेवटी खाडीची राखाडी पट्टी दिसायची. खाडीत रेतीच्या होड्या असायच्या. तिन्हीसांजेला एखादीचं शीड दिसलं की बाबा नुसतं बोट दाखवायचे आणि गप्प बसायचे. आमच्या अंगावर काटा यायचा. तांडेलाचं गलबत कोकण सोडून भांडुपच्या खाडीत कशाला येईल, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. आम्ही सगळे आलोच होतो की कोकण सोडून. तोही आला असेल.

गोष्ट अशी होती. जुन्या काळी आमच्या गावच्या बंदरात एक तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. दिवसा व्यापारी, नारळ आणि काथ्या भरून मुंबईला नेणारा, आणि अंधार पडला की लुटारू. समुद्रात कोण बघायला येतंय, असं बाबा म्हणायचे. एके वर्षी पावसाच्या तोंडावर, गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या दिवसांत, त्याला बातमी लागली की परक्यांचं एक भरलेलं जहाज डोलकाठी मोडून खोल पाण्यात अडकलंय. जावं की न जावं, ते ठरेना. तांडेल देवळात गेला आणि त्यानं कौल लावला.

कौल म्हणजे काय ते आम्हा पोरांना सांगावं लागायचं नाही. लग्न असो, विहीर असो, भावाभावांतला तंटा असो, आमच्या गावचा माणूस मुंबईला राहून फॅक्टरीत कामाला लागला तरी शेवटी देवाला विचारायला गावी जायचाच. गुरव देवाच्या पाषाणावर डाव्या आणि उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं विनवतो, आणि जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एकदा देवानं सांगितलं की तोच प्रश्न त्याला पुन्हा विचारायचा नाही. हा आमच्या गावचा नियम. पुन्हा विचारलं तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं.

तांडेलाचा कौल डावा पडला. देवळात तो आणि गुरव दोघेच होते. तांडेल घरी आला, पण त्याचं लक्ष लागेना. त्यानं स्वतःशीच म्हटलं, "देवान माझां नीट आयकूक नाय." देवानं माझं नीट ऐकलंच नाही. हे वाक्य बाबा अगदी साध्या सुरात म्हणायचे, म्हणून आम्हाला ते फार आवडायचं. गणितात कमी मार्क पडले की आम्ही एकमेकांना म्हणायचो, "मास्तरान माझां नीट आयकूक नाय." तर दुसऱ्या दिवशी पहाटे तांडेल पुन्हा देवळात गेला आणि त्यानं तोच कौल पुन्हा लावला. या खेपेला उजवी कळी पडली. मग तो बंदरावर आला, खलाशांना गोळा केलं आणि म्हणाला, कौल उजवा आहे, देवानं जा म्हणून सांगितलंय. पहिल्या कौलाचा त्यानं शब्दही काढला नाही. खलाशी म्हणाले, व्हय म्हाराजा. इथे आम्ही पोरंही जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. शीड वर चढायचं आणि गलबत निघायचं.

ते अजून पोचलेलं नाही. वारा पडलेला असला तरी त्याचं शीड फुगलेलं असतं, आणि ते कुठल्याही बंदराला लागत नाही. तांडेल नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, उभा असतो. दुसऱ्या होडीजवळ आला की तो विचारतो, "कौल खंयचो?" कौल कुठला, डावा की उजवा. उत्तर द्यायचं नाही. जो देतो तो त्या गलबतावर खलाशी होतो. सुटका एकाच गोष्टीनं आहे. तांडेलानं आपल्या तोंडानं आपल्या खलाशांना खरं सांगायचं, की पहिला कौल डावा होता. तेवढं एक वाक्य बोलला की गलबत बंदराला लागेल. पण तो बोलत नाही. सगळ्या समुद्राला विचारत हिंडतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसांना तेवढं सांगत नाही.

मला लहानपणापासून तांडेलाचं काही वाटायचं नाही. मला खलाशांची पडलेली असायची. दर वेळी मी मध्येच विचारायची, त्यांना माहीत होतं का? आणि बाबा दर वेळी म्हणायचे, तांडेलानं सांगितलंच नाही तर त्यांना कसं माहीत असणार? मला इतका राग यायचा की एकदा मी उठून घरात निघून गेले होते. आई म्हणाली, गोष्टीतल्या माणसांसाठी कसली रुसतेस? मी म्हटलं, ती माणसं तांडेलाला आपलं समजत होती ना. आईनं माझ्या हातात लसूण दिली सोलायला.

बाबा गिरणीत कामाला होते. मी नववीत असताना गिरणीचा संप झाला. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी उगाळत बसत नाही. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत, जायला गिरणीच राहिली नाही. पुढच्या वर्षी ते भांडुपच्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. त्याच कारखान्यातल्या कामगारांसाठी आईनं डबे सुरू केले. घर त्या डब्यांवर चालायला लागलं. सकाळी उठून आई भाजी-आमटी टाकायची, मी चपात्या लाटायची, धाकटा भाऊ डबे पोचवून शाळेत जायचा. मला चपात्या लाटायचा कंटाळा होता, पण हात चांगला होता. हात चांगला असणं हे बायकांच्या बाबतीत नेहमी अंगाशी येतं.

त्याच सुमारास बाबांना कावीळ झाली आणि ते हॉस्पिटलात होते. मी त्यांच्यापाशी बसायची. एका दुपारी एक तरुण डॉक्टर घाईघाईत आला आणि भलत्याच पेशंटची सुई बाबांना द्यायला निघाला. वॉर्डच्या सिस्टरनं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "थांबा." डॉक्टर थांबला. तिनं केसपेपर त्याच्यासमोर धरला आणि पुढच्या खाटेकडे निघून गेली. काळी, ठेंगणी, आमच्यासारखीच दिसणारी बाई. एवढ्या शिकलेल्या पुरुषाला एका शब्दात थांबवता येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला तेच व्हायचं होतं. सेवा, दया वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. मला 'थांबा' म्हणायचं होतं.

मी बाबांना तिथेच सांगितलं. पिवळ्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू बारावी हो, मी तुला सिस्टर करतो. घरी आल्यावर त्यांनी चाळभर सांगितलं. माझी पोरगी सिस्टर होणार. नळावर बायका मला आत्तापासून सिस्टर म्हणायला लागल्या, कोणाचं पोर धडपडलं की माझ्याकडे पाठवायला लागल्या. मी डेटॉल लावायची आणि आपण कोणीतरी आहोत असं वाटून घ्यायची.

बारावी झाले. नर्सिंग स्कूलला अर्ज केला, इंटरव्ह्यू झाला, माझं नाव लागलं. तीन वर्षांचा कोर्स, राहायचं होस्टेलमध्ये. आईनं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, कारण ते लागणार होते. लोखंडी पेटी घासून तिला रंग दिला. आणि नेमकं तेव्हाच, हजर व्हायला थोडेच दिवस राहिले असताना, बाबा म्हणाले की एवढं मोठं काम करतोय तर गावी जाऊन देवाला विचारून येऊ.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे असंच होतं. उलट बाबा माझ्या शिक्षणाला लग्नाच्या बरोबरीचं काम समजतात म्हणून मी सुखावले. आणि कौलाची मला भीती नव्हती. देवाला माझ्या सिस्टर होण्यात काय अडचण असणार? शिवाय बाबा होते. कौलाशी कसं वागायचं हे ज्या माणसानं मला शिकवलं तो माणूस बरोबर होता.

आम्ही तिघं एसटीनं गेलो, बाबा, आई आणि मी. भावाला शेजारी ठेवलं. दुपारी पोचलो. संध्याकाळी बाबा म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो, आणि बाहेर पडले. मी काकीबरोबर, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोबरोबर, फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. थोड्या वेळानं काकीही देवळात दिवा लावायला म्हणून गेली. बाबा परत आले तेव्हा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. गुरवानं पाषाण धुतला, कळ्या लावल्या. त्याचा चेहरा आंबलेला होता, पण गुरवांचे चेहरे बऱ्याचदा तसेच असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां मुंबैसून तुझ्या पायाशी इली हत. आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. ह्या चेडवाक शिकाक धाडूचा की नाय, तां तू सांग. व्हय म्हाराजा. तुझो शब्द तो आमचो शब्द. व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. लहानपणी कातळावर बसून सवय झालेली.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावी कळी पडली.

मी ती खाली पडलेली कळी बघत राहिले. अबोलीची होती. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मला वाटलं, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय. देवळातून परतताना मीच त्यांना समजावलं. म्हटलं, बाबा, देवानं काही बघूनच सांगितलं असेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझं वाक्य मला आजही ऐकू येतं. मी त्यांना समजावलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला नाही. का करू? देवानं सांगितलं होतं. पांढरे बूट भावाच्या पायात बसले, त्यानं ते पीटीला वापरले. नळावरच्या बायका आधी अरेरे म्हणाल्या, मग सिस्टर म्हणायच्या बंद झाल्या. मी चपात्या लाटत राहिले. डबे वाढले. बाबा रविवारी कातळावर जाऊन बसायचे, पण मी त्यांच्यासोबत जायचं सोडलं. कामं असायची.

दोन-तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगा आमच्याच बाजूचा, टेलिफोनच्या खात्यात लाइनमन, कांदिवलीला चारकोपमध्ये नव्या सेक्टरात त्यांना घर मिळालेलं. माणूस चांगला होता आणि आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्नाच्या आधी काकी गावाहून मदतीला आली. आमच्या खोलीत आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. आई डब्यांच्या गडबडीत. काकी सहज बोलता बोलता म्हणाली की मला वाटलं होतं, तू लग्नाआधी सिस्टर होशील. मी म्हटलं, काकी, कौल नव्हता ना. काकी तांदळातून मान वर न करता म्हणाली, "कौल उजवो पडललो मा."

मला वाटलं तिची चूक होतेय, वय झालंय. मी म्हटलं, डावा पडला, मी समोर होते. तेव्हा तिनं मान वर केली.

"तो सकाळचो. मी आदल्या दिवसाचो म्हणतंय. तुझो बापूस सांजचो एकटोच इललो देवळात. मी दिवो लावूक गेललंय, थंयच हुतंय. उजवी कळी पडली. गुरव म्हणालो, धाड चेडवाक. तर तुझो बापूस म्हणता, सकाळी सगळ्यांका घेवन येतंय, परत लाव. गुरव नको म्हणा हुतो."

एवढं बोलून तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, मला वाटलं तुला माहीत असेल. मग तिनं सूप उचललं आणि उगाच पाखडायला लागली. मी तिला दोष देत नाही. तिनं निदान सांगितलं.

मी आईला विचारलं. आई शेवटचा डबा बंद करत होती. तिनं डब्याची कडी लावली, ओढून बघितली आणि म्हणाली, माझ्याकडे बघू नकोस. म्हणजे तिलाही माहीत होतं. गावाहून परतल्यावर बाबांनी तिला सांगितलं असणार. घरात माहीत नव्हतं ते फक्त मला. म्हणजे मला आणि भावाला, आणि भाऊ लहान होता.

कारण मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी होस्टेलला गेले असते तर चपात्या कोणी लाटल्या असत्या? आईचे गुडघे तेव्हापासूनच दुखत होते. बाबांच्या पगारात घर भागणार नव्हतं. हे सगळं खरं होतं. पण चाळभर सांगून बसलेला माणूस आता नाही कसं म्हणणार? तोंडानं नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून देवाच्या तोंडून वदवून घ्यायला गेले. देव हो म्हणाला, तर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. मला सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, चार दिवस जेवले नसते आणि बहुतेक थांबलेही असते. कदाचित खलाशीही तांडेलाबरोबर गेलेच असते. पण त्यांना खरं कळायला हवं होतं. एवढंच तर मी लहानपणापासून म्हणत होते.

त्या रविवारी मी कातळावर गेले. लग्नाची पोरंसोरं सगळी घरात, बाबा एकटेच विडी ओढत बसले होते. मी उभ्यानंच विचारलं, "बाबा, पहिला कौल उजवा पडला होता?"

त्यांनी विडी तोंडातून काढली. कोणी सांगितलं हे विचारलं नाही. विडीची राख कातळावर झाडली. मला वाटलं, आता बोलतील. एक वाक्य बोलले असते तरी मी त्यांच्या पायाशी बसले असते, देवाशपथ. मला सिस्टर होता आलं नाही ते तर परत येणार नव्हतं. मला बाबा परत हवे होते.

ते म्हणाले, "तेव्हा देवान माझां नीट आयकूक नाय."

अगदी त्याच साध्या सुरात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, की आता त्यांना ऐकू येईल आपण काय बोललो ते. ज्या माणसानं ते वाक्य आम्हाला शंभरदा ऐकवलं, त्याला कळू नये? नाही कळलं. किंवा कळलं असेल आणि तेवढ्यावर भागेल असं वाटलं असेल. त्यांनी विडी पुन्हा तोंडात धरली. मी घरी आले आणि राहिलेले तांदूळ निवडले. लग्नात पाठवणीच्या वेळी बाबा रडले. मी पहिल्यांदाच त्यांना समजावलं नाही.

चारकोपला आमच्या घराजवळच्या औद्योगिक वसाहतीत मला काम मिळालं. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचं. हॉस्पिटलच्या एवढ्या जवळ आले मी. लेबल वाकडं दिसलं की मी म्हणायची, थांबा, आणि पट्ट्यावर बसलेल्या मुली हात थांबवायच्या. हसू नका. मला त्याचं बरं वाटायचं.

माहेरी जायची मी सणावाराला. बाबांशी बोलायची, जेवण वाढायची, पाय दाबायची. जे बोलायचं नाही ते सोडून सगळं बोलायची. आमच्याकडे याला सुखात राहणं म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी, दिवाळीला गेले होते, तेव्हा रविवार पडला. चाळीत नवी बिऱ्हाडं आली होती, नवी पोरं झाली होती. संध्याकाळी कातळावरून आवाज आला, व्हय म्हाराजा. मी धुणं काढत होते. हातातले कपडे घेऊनच गेले.

बाबा तांडेलाची गोष्ट सांगत होते. केस पांढरे झालेले, आवाज तोच. मी मागे उभी राहिले, त्यांनी मला बघितलं. पोरं माझ्याकडे वळून पुन्हा त्यांच्याकडे वळली. तांडेल देवळात गेला, त्यानं कौल लावला, कौल डावा पडला. मी वाट बघत होते. आता पहाट होईल, आता तो पुन्हा देवळात जाईल. पण तांडेल पुन्हा देवळात गेलाच नाही. बाबांच्या नव्या गोष्टीत तो सरळ बंदरावर आला आणि खलाशांना म्हणाला, कौल डावा पडलाय, जायचं नाही. आणि खलाशीच म्हणाले, तांडेला, असं भरलेलं जहाज पुन्हा मिळणार नाही, चल. खलाशांच्याच हट्टानं गलबत निघालं. तांडेल बिचारा त्यांच्या मनाविरुद्ध जाऊ शकला नाही. त्यांच्यासाठी तो आजही भटकतोय.

माझं शिक्षण गेलं तेव्हा मी एवढी हादरले नव्हते. ती एकच गोष्ट त्यांनी मला दिलेली, माझ्या लहानपणातली सगळ्यात मोठी वस्तू, आणि तीही त्यांनी माझ्या मागे बदलून टाकली होती. दुसरा कौल काढून टाकला होता. आणि दोष खलाशांच्या गळ्यात.

पुढे बसलेल्या एका दोन वेण्यांच्या मुलीला काहीतरी खटकलं. तिनं विचारलं, "म्हणजे खलाशांना माहीत होतं?"

"होतां," बाबा म्हणाले. "तरी गेले."

"नव्हतं माहीत," मी म्हटलं.

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी बघितलं नाही. त्या मुलीनं मला विचारलं, तुला काय माहीत? पोरं चाळीतल्या मोठ्या मुलींना तशीच अगंतुगं करायची.

"मी होते त्या गलबतावर."

पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, फेकतेय. पण ती मुलगी हसली नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, खांद्यावरच्या टॉवेलसकट, आणि मग बाबांकडे वळली. तिनं विचारलं, "मग आजोबा, त्याची सुटका कधी होणार?"

या प्रश्नाचं उत्तर बाबांना पाठ होतं. ते त्यांनीच मला शिकवलं होतं. खाली खाडीवर अंधार धरायला लागला होता. मी हातातले कपडे घट्ट धरून उभी होते आणि मनातून म्हणत होते, बोला. अजूनही बोला. पोरांना सांगतोय असं दाखवून बोला, मी तेवढंही चालवून घेईन.

बाबांनी विडी कातळावर विझवली.

"उशीर झालो," ते म्हणाले. "घराक जावा आता."

"व्हय म्हाराजा," पोरं एका सुरात म्हणाली आणि उठली. मी म्हटलं नाही.